कार्पेट एरिया ३४४ चौरस फूट

आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट गेली चार वर्षं नुसतं 'होणार, होणार' म्हणतंय. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, गच्चीवर निळी ताडपत्री. पूर्वी जिन्यात कुणी भेटलं की "काय, जेवण झालं का?" असं विचारायचे. आता "तुम्हाला किती कार्पेट देतायत?" असं विचारतात, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा. मला तर चाळाच लागलाय. कुठेही चौरस मीटर दिसले की मनातल्या मनात १०.७६ ने गुणून चौरस फूट करून टाकायचे.

परवा असंच गुणलं आणि हबकलो. विषय होता आतड्याचा. माणसाच्या आतड्याचं अस्तर उलगडून नीट अंथरलं तर टेनिसचं अख्खं कोर्ट भरेल, हे आपण वर्षानुवर्षं ऐकत आलोय. टेनिस कोर्ट म्हणजे साधारण २६० चौरस मीटर, फुटात २,८००. पण २०१४ साली स्वीडनमधल्या हेलँडर आणि फँड्रिक्स या दोघा संशोधकांनी ही मोजणी नव्याने केली, तेव्हा सगळा पचनमार्ग धरूनही आकडा भरला सुमारे ३२ चौरस मीटर. गुणा. ३४४ चौरस फूट.

म्हणजे इतकी वर्षं आपल्याला जिना-लॉबी धरून फुगवलेला सुपर बिल्ट-अप सांगत होते तर!

आमच्या दोन खोल्या, बाल्कनी आत घेतलेली धरून, ३४० आहेत. आमचं अख्खं घर, वर चार फूट जागा शिल्लक ठेवून, माझ्या पोटात घडी घालून ठेवलेलं आहे. हे मी मोठ्या कौतुकाने बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "घर आहे ना ते? मग त्यात रोज मिसळ कशाला कोंबता?"

प्रश्न रास्त होता. पण मला घडीचं कौतुक होतं. लहान आतडं म्हणजे सहा-एक मीटरची नळी, जाडीला इंचभर. नुसती गुळगुळीत नळी असती तर तिचं आतलं क्षेत्रफळ पाच चौरस फूट भरलं असतं, म्हणजे आमच्या मोरीपेक्षाही कमी. मग निसर्गाने काय केलं, तर आत घड्या घातल्या. घड्यांवर जेमतेम मिलिमीटरभर उंचीचे, बोटांसारखे उंचवटे काढले, टर्किश टॉवेलला असतात तसे. आणि त्या बोटांवरच्या एकेका पेशीला वर पुन्हा ब्रशसारखे बारीक केस. फोल्डिंगचा पलंग, पलंगाखाली ट्रंका, ट्रंकेत डबे, डब्यात पिशव्या. ज्याने हे आतडं घडवलं तो नक्की वन रूम किचनमध्ये वाढलेला असणार.

आता मिसळ. ठाण्यात राहून मिसळीला नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. माझी रोजची वेळ साडेआठची. स्टेशनच्या वाटेवर उभ्याने खायची, घड्याळाकडे बघत. एक घास तोंडात, दुसरा बोटांत आणि तिसऱ्यावर डोळा. नऊच्या आत फलाटावर पोचायचं असतं. हिशेब लावला तर मिसळ आणि दोन पाव मी सहा मिनिटांत संपवतो, आणि त्यातली दीड मिनिटं लिंबू पिळण्यात आणि कांदा मागण्यात जातात.

आजी म्हणायची, एक घास बत्तीस वेळा चावावा. लहानपणी आम्हाला तो छळ वाटायचा. पण पाव किंवा पोळीचा तुकडा नुसता चावत बसा, थोड्या वेळाने तो गोड लागायला लागतो. लाळेतला अमायलेज पिठाची साखर करायला तोंडातच सुरुवात करतो. रोज साधारण लिटरभर लाळ तयार होते. एवढा माल फुकट मिळतो आणि मी तो वापरतच नाही. गिळण्याआधीचे ते क्षण सोडले तर पुढच्या सगळ्या प्रवासात मला कुणी काही विचारत नाही. माझ्या अखत्यारीत आहे ते एवढंच, आणि नेमकी घाई मी तिथेच करतो.

एकदा गिळलं की विषय हातातून गेला. अन्ननलिका जेमतेम २५ सेंटिमीटरची, आठ-दहा सेकंदांचा प्रवास. घास वरून खाली पडतो असं आपल्याला वाटतं, पण पडत नाही, ढकलला जातो. मागचे स्नायू आवळतात, पुढचे सैल पडतात. सकाळी ठाण्याला गाडीत कोण स्वतःच्या पायाने चढतं? आपण फक्त दारासमोर उभं राहायचं, मागचे चढवतात. तसंच हे. म्हणून शीर्षासनात गिळलेला घाससुद्धा जठरातच जातो. (करून बघू नका. मी नाही केलं.)

जठरात आत काय चालतं हे माणसाला कळलं तेही एका अपघातामुळे. १८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या एका तरुण हमालाला अगदी जवळून बंदुकीचे छर्रे लागले. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने त्याला वाचवला, पण जखम विचित्र भरली. पोटाला थेट जठरात उघडणारं भोक राहिलं, ते कायमचं. मग बोमाँटने काय करावं? रेशमी दोऱ्याला मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडायचे आणि तासातासाने ओढून बघायचे, विहिरीत पोहरा सोडावा तसे. आतला रस काढून त्याने बाटलीत घेतला, त्यात मांस टाकलं, तर ते बाटलीतही विरघळलं. पचन म्हणजे जात्यासारखं नुसतं दळणं नाही, ते रसायन आहे, हे असं ठरलं. १८३३ मध्ये त्याने हे सगळं छापलं. ठाण्याला आगगाडी यायला तेव्हा अजून २० वर्षं होती.

मला मात्र त्या सेंट मार्टिनचंच वाईट वाटतं. पोटासाठी हमाली करायला निघालेला माणूस, आणि त्याचं पोटच दुसऱ्याच्या कामाला लागलं. तो मधूनमधून पळूनही जायचा. १८८० साली म्हातारा होऊन वारला तेव्हा घरच्यांनी प्रेत मुद्दाम उन्हात ठेवून सडू दिलं आणि मग खोल पुरलं, पुन्हा कुणी डॉक्टर येऊन जठर मागू नये म्हणून. बोमाँटच्या नोंदींत एक गोष्ट अशीही आहे, की हा गडी चिडलेला असला की त्याचं पचन बिघडायचं. आमच्या सोसायटीच्या मीटिंगा रविवारी जेवणानंतर ठेवणाऱ्या सेक्रेटरींना मी हे सांगणार आहे.

मिसळीनंतर कधीकधी मला छातीत जळजळतं. आई लगेच म्हणते, "अरे, पित्त उसळलंय, आमसुलाचं पाणी घे." मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, "आई, ते पित्त नाही, ॲसिड आहे. पित्त यकृतात होतं. हिरवट पिवळं असतं. ते बिचारं आंबट पण नसतं." आईने माझ्याकडे बघितलं. "मग आमसूल नको?" प्यायलो. तिचं पित्त आणि डॉक्टरांचं पित्त ही दोन वेगळी माणसं आहेत, आडनाव तेवढं एक.

डॉक्टरांच्या पित्ताचं काम मात्र मला फार आवडतं, कारण ते तर्रीचं काम आहे. मिसळीवर जो लाल तवंग असतो तो पाण्यात विरघळत नाही, आणि आत सगळा पाण्याचा कारभार. मग पित्त येतं आणि भांड्यांच्या साबणासारखं तेलाचे बारीक बारीक थेंब करतं. मग स्वादुपिंडाचा रस त्या थेंबांना तोडतो. काम झालं की पित्तातली बहुतेक आम्लं आतड्याच्या शेवटाला पुन्हा शोषून यकृताकडे परत पाठवली जातात, दुसऱ्या खेपेला वापरायला. साबणाची वडी संपत आली की तिचा तुकडा नव्या वडीला चिकटवणारी आमची आई आणि हे यकृत, यांचं छान जमलं असतं.

त्यापुढची वाहतूक तर ठाणेकराला समजावून सांगायलाच नको. साखर आणि प्रथिनांचे सुटे भाग आतड्यातून थेट रक्तात शिरतात आणि यकृतात जाऊन हजेरी लावतात. तेला-तुपाची गोष्ट वेगळी. त्याचे गोळे जड, त्यांना रक्ताच्या बारीक गल्ल्यांत प्रवेशबंदी. ते लसिकेच्या, म्हणजे रक्तवाहिन्यांहून निराळ्या नळ्यांतून वाहणाऱ्या पातळ द्रवाच्या, वेगळ्या रस्त्याने, यकृताला वळसा घालून, छातीतून वर चढतात आणि डाव्या गळपट्टीच्या हाडामागे रक्ताला मिळतात. थोडक्यात, जड वाहनं घोडबंदर रोडने. खाल्लं पोटात आणि रक्तात आलं मानेशी, हे वाचून मी उगाच गळ्याला हात लावून पाहिला.

पाण्याचा हिशेबही बघण्यासारखा आहे. आपण पितो-खातो ते दोनेक लिटर, त्यात लाळ, जठररस, पित्त वगैरे मिळून सात लिटर शरीर स्वतःचं ओततं. नऊ लिटरपैकी बाहेर जातं कपभर. बाकी सगळं परत टाकीत. एवढी काटकसर आमच्या सोसायटीत पाणीकपातीच्या दिवशीसुद्धा होत नाही.

मोठ्या आतड्याबद्दल चारचौघांत फार बोलत नाहीत, मीही आवरतं घेतो. पण मटकीचा उल्लेख हवा. कडधान्यात रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात. त्या तोडायचं हत्यार आपल्याकडे नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यापर्यंत जातात आणि तिथले जिवाणू त्यावर सत्यनारायण घालतात. पुढचा घंटानाद सर्वांच्या परिचयाचा आहे. मोड येताना दाणा यातली बरीच साखर स्वतःच खर्चून टाकतो, म्हणून मोडाची मटकी त्या मानाने सोसते. आजीला स्टॅकिओज माहीत नव्हता. फडक्यात मटकी बांधून ठेवणं माहीत होतं.

आणि पोटात कावळे ओरडतात ते? आपल्याला वाटतं पोट जेवण मागतंय. खरं तर जठर रिकामं झालं की दर दीड-दोन तासांनी आकुंचनाची एक लाट वरून निघते आणि उरलंसुरलं झाडत लहान आतड्याच्या टोकापर्यंत जाते. तो झाडूचा आवाज. मध्येच काही खाल्लं की झाडलोट थांबते. रूळ मोकळे असले तरच दुरुस्तीचा मेगाब्लॉक घेता येतो.

गेल्या रविवारी तसाच मेगाब्लॉक होता, आणि मला कुठे जायचंही नव्हतं. म्हटलं आज बसून खाऊ, आजीच्या हिशेबाने. कोपऱ्यातलं टेबल घेतलं. पहिला घास बत्तीस. दुसरा बत्तीस. पाव खरंच गोड लागला, शेवेचा चुरा होऊन गेला, मटकीचा एकेक दाणा वेगळा कळला. चव अशी असते हे इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. पंधरा मिनिटं झाली तरी अर्धी मिसळ वाटीतच होती. समोरच्या बाकावर तीन गिऱ्हाईकं येऊन गेली.

वेटर पोरगा दोनदा बघून गेला. तिसऱ्यांदा जवळ आला, वाकून हळू आवाजात म्हणाला, "काका, खराब लागतेय का?"

तोंडात घास होता, मोजणी एकोणिसावर. बोललो असतो तर चुकली असती. मी नुसता हात वर करून थांब अशी खूण केली. त्याला ती 'घेऊन जा' अशी वाटली.