पहिल्या वर्षातला माझा एक डिस्चार्ज

नोकरीच्या पहिल्या दिवशी सिनियर मॅडमनी माझ्या हातात वॉर्डची किल्ली ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, "दार आधी लाव, मग वळ." मनोरुग्णालयातली सोशल वर्कर म्हणजे समुपदेशन, असं डोक्यात घेऊन मी गेले होते. पहिले तीन महिने मी मुख्यतः फोन केले. जुन्या फाइलींमधले नंबर फिरवायचे, कुणीतरी "राँग नंबर" म्हणून ठेवून द्यायचं. वॉर्डात शिरलं की चार जणी एकच प्रश्न विचारायच्या, "माझ्या घरून फोन आला का?" सुरुवातीला मी "येईल हं" म्हणायचे. मॅडमनी ते बंद करायला लावलं. "आला नाही, मी आज केला होता, असं सांग. तेवढंच खरं आहे."

त्यातल्या एकीला मी अक्का म्हणायचे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) स्किझोफ्रेनिया, वय पन्नाशीच्या आसपास, औषधांवर वर्षभर स्थिर. डॉक्टरांच्या दृष्टीने त्या घरी जाऊ शकत होत्या, आणि घर म्हणजे धाकटा भाऊ. त्याला बोलावून मी केस हिस्ट्री घेतली: घरात कोण कोण, आजार कधी सुरू झाला, त्याआधीचा स्वभाव, शिक्षण, काम, औषधं का सुटली. "आधीपासूनच विक्षिप्त, कामाची कधीच नव्हती," तो म्हणाला. मी तसंच उतरवलं. माहिती देणारा कितपत भरवशाचा, या रकान्यात "विश्वसनीय" लिहिलं. मॅडमनी त्या शब्दाभोवती लाल गोल काढला आणि बाजूला लिहिलं, "कशावरून?"

म्हणून होम व्हिजिट. या कामाची सुरुवातच तशी झालेली आहे. 1904 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅडॉल्फ मायर यांच्या पत्नी मेरी ब्रुक्स रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या. वॉर्डात न कळणारं त्यांना तिथे कळायचं. मलाही कळलं. बाहेरच्या खोलीत टीव्ही ज्यावर ठेवला होता, ते शिलाई मशीन होतं. पायपट्टी अजून हलत होती. मी विचारलं, कुणाचं? भावजय हळूच म्हणाली, "वन्संचं. माझ्या लग्नातले सगळे ब्लाउज त्यांनीच शिवलेत." भाऊ खिडकीबाहेर बघत राहिला. परत येऊन मी "कामाची कधीच नव्हती" या ओळीखाली मशीनबद्दल लिहिलं. आधीची ओळ मात्र खोडली नाही. भावाच्या मनात काय आहे, हेही फाइलमध्ये राहायला हवं होतं.

मग चार दिवसांची ट्रायल रजा ठरली, म्हणजे डिस्चार्जआधी घरी राहून बघायचं. दुसऱ्याच दिवशी भाऊ अक्कांना परत घेऊन आला. गोळी दिल्यावर तो रोज तोंड उघडायला लावून जीभ उचलून बघत होता. त्यांनी पाण्याचा तांब्या भिरकावला. त्याचंही पूर्ण चुकलं नव्हतं, मागच्या वेळी गोळ्या गादीखाली सापडल्या होत्या. पण ही तपासणी होणार हे मला आधी सुचायला हवं होतं. रजेआधीच्या मीटिंगमध्ये मी औषधांची वेळ सांगितली होती. ती देणार कोण आणि कशी, हे विचारलंच नव्हतं.

तेव्हा मला 35 तासांची गोष्ट आठवली. लंडनमध्ये व्हॉन आणि लेफ यांनी 1976 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, टीका आणि शत्रुत्व जास्त असलेल्या किंवा रुग्णात फार गुंतून पडलेल्या घरात जे रुग्ण आठवड्याला 35 तासांहून जास्त घरच्यांच्या समोरासमोर राहिले, त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण जास्त आढळलं होतं. परीक्षेपुरतं पाठ केलेलं. आता मी अक्षरशः कागदावर तास मोजायला बसले. भावाला बदलणं माझ्या हातात नव्हतं, तास कमी करणं होतं. दिवसा डे केअर सेंटर, संध्याकाळी घर. गोळी भावजय देणार, आणि अक्का तिच्यासमोर स्वतःहून डबीतून काढून घेणार. तोंड तपासायचं नाही. हे मी तिघांना एकत्र बसवून लिहून घेतलं. भाऊ म्हणाला, "आणि नाही घेतली तर?" मी म्हटलं, भांडू नका, त्याच दिवशी मला फोन करा. त्याने नंबर दोनदा वाचून खात्री केली. तो रागीट नाही, घाबरलेला आहे, हे माझ्या लक्षात यायला इतके महिने लागले.

दुसरी रजा पूर्ण झाली. महिन्याभराने डिस्चार्ज. निघताना अक्कांनी माझ्याकडे न बघता किल्लीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "लाव आता."

तीन आठवड्यांनी भावाचा फोन आला, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. पण त्याची तक्रार वेगळी होती. डे केअरला सुट्टी असली की ताई दुपारभर मशीन खडखडवते, झोप म्हणून लागत नाही. टीव्ही कुठे ठेवलाय, मी विचारलं. "जमिनीवर," तो वैतागून म्हणाला. फॉलो-अपच्या रकान्यात मी तेवढंच लिहिलं: मशीन चालू, टीव्ही जमिनीवर.