रस्ता कोणाचा, कायदा कोणाचा: मॉन्टगोमरी काउंटीचा कारभार

अमेरिकेच्या मेरिलंड राज्यातल्या जर्मनटाऊनमध्ये नव्वद हजारांहून अधिक लोक राहतात, तरीही या गावाला महापौर नाही आणि नगरपालिकाही नाही. शेजारच्या गेथर्सबर्गला महापौर आहे, रॉकव्हिललाही आहे. आमच्याकडे मात्र गल्लीतल्या रस्त्यापासून ग्रंथालयापर्यंत बहुतेक सारा स्थानिक कारभार थेट मॉन्टगोमरी काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, हाती आहे. सिल्व्हर स्प्रिंग आणि बेथेस्डा ही नामांकित गावेही याच पंक्तीत बसतात. 2020 च्या जनगणनेनुसार काउंटीची लोकसंख्या 10 लाख 62 हजारांच्या घरात होती. एवढ्या मोठ्या वस्तीचे निर्णय रॉकव्हिलमध्ये बसणारी अकरा सदस्यांची काउंटी कौन्सिल आणि स्वतंत्रपणे निवडून आलेला काउंटी एक्झिक्युटिव्ह, म्हणजे काउंटीचा प्रशासनप्रमुख, घेतात. इथे नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांना मी एकच सांगतो, की काउंटीची कोणतीही घोषणा वाचताना ती नेमकी कोणाच्या रस्त्याला, कोणाच्या बसला आणि कोणत्या हद्दीतल्या घराला लागू होते, हे आधी पाहावे.

रस्त्यांच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत आधी भेडसावतो. विस्टेरिया ड्राइव्ह हा काउंटीचा रस्ता आहे. तो ज्या जर्मनटाऊन रोडला छेदतो तो मात्र 118 क्रमांकाचा राज्यमार्ग आहे, त्यामुळे त्याचे डांबरीकरण आणि बर्फ हटवणे ही मेरिलंड राज्याच्या महामार्ग विभागाची जबाबदारी ठरते. रॉकव्हिल पाइक, जॉर्जिया अव्हेन्यू, कनेक्टिकट अव्हेन्यू हे रोजच्या वर्दळीचे रस्तेही राज्याचेच आहेत. काउंटीच्या वाट्याला पाच हजारांहून अधिक लेन-मैल (रस्त्याची प्रत्येक मार्गिका वेगळी धरून मोजलेली लांबी) येतात आणि त्यांतला मोठा भाग वस्तीतल्या गल्ल्यांचा असतो. म्हणूनच हिमवादळानंतर ‘मुख्य रस्ता काळाभोर मोकळा आणि आमची गल्ली पांढरीच’ असे चित्र दिसले, तर त्यात पक्षपात असतोच असे नाही. दोन वेगळ्या यंत्रणा आपापल्या क्रमाने काम करत असतात. काउंटीसुद्धा आधी आपले प्रमुख रस्ते घेते आणि मग वस्तीत शिरते. घरापुढच्या पदपथावरचा बर्फ मात्र ना राज्य काढते ना काउंटी. हिमवृष्टी थांबल्यापासून 24 तासांत तो घरमालकाने काढायचा असतो, नाहीतर 50 डॉलरचा दंड होऊ शकतो.

महाराष्ट्रात वाढलेल्याला हे अपरिचित वाटण्याचे कारण नाही. तिकडेही राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात, आणि खड्ड्याची तक्रार घेऊन गेलेल्याला ‘हा रस्ता आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर पाठ असते. फरक एवढाच, की इथे 311 हा काउंटीचा चौकशी-तक्रारीचा क्रमांक फिरवल्यावर रस्ता कोणाचा आहे हे निदान सांगितले तरी जाते.

बसचे तेच आहे. 1975 पासून धावणारी काउंटीची ‘राइड ऑन’ बससेवा जून 2025 च्या अखेरीस सर्वांसाठी विनाशुल्क झाली. भारतातून चार-सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आई-वडिलांच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. मुलगा आणि सून कामाला गेल्यावर गाडीवाचून घरात अडकून पडण्याऐवजी त्यांना ग्रंथालयात किंवा 55 वर्षांवरील नागरिकांसाठी चालवल्या जाणाऱ्या काउंटीच्या केंद्रात आपले आपण जाता येते. मात्र त्याच रस्त्यांवर धावणारी मेट्रोबस ही वॉशिंग्टन परिसराच्या प्रादेशिक प्राधिकरणाची आहे आणि तिला भाडे पडते. बस मोफत झाल्याची बातमी नातेवाइकांना सांगताना कोणती बस हेही सांगितलेले बरे.

जिल्हा परिषदेशी असलेले साम्य कायद्यापाशी संपते, कारण ही कौन्सिल नुसत्या योजना राबवत नाही, तर स्वतः कायदे करते. विधेयक मांडले जाते, मग जनसुनावणी होते, नंतर समिती त्याचा कीस पाडते आणि शेवटी ते पूर्ण कौन्सिलपुढे मतदानाला येते. विधेयकाचा मूळ मसुदा सामान्य माणसानेही एकदा तरी उघडून पाहावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्यात नव्याने घातलेला मजकूर अधोरेखित असतो आणि जुन्या कायद्यातून वगळलेला मजकूर ठळक चौकटी कंसात असतो; चर्चेदरम्यान दुरुस्तीने आलेल्या शब्दांखाली दुहेरी रेघ असते, तर दुरुस्तीने गेलेले शब्द दुहेरी कंसात असतात. जिथे जुना कायदा तसाच राहतो तिथे तीन तारका दिसतात. एवढी खूण लक्षात ठेवली की कोणी काय मागितले आणि वाटाघाटीत काय गळाले, हे कागदावरच दिसते आणि वर्तमानपत्राच्या मथळ्यावर विसंबून राहावे लागत नाही.

गेल्या काही वर्षांतले कायदे थेट घरापर्यंत पोचणारे आहेत. पेट्रोलवर चालणाऱ्या, पाने उडवण्याच्या यंत्रांची विक्री जुलै 2024 पासून आणि वापर जुलै 2025 पासून बंद झाला. शरद ऋतूतल्या शनिवार सकाळी त्यांचा आवाज ज्यांनी सोसला आहे, त्यांना या कायद्याचे समर्थन समजावून सांगावे लागणार नाही. दुकानातल्या पिशव्यांवर 2012 पासून पाच सेंटचा कर होता, तर 1 जानेवारी 2026 पासून प्लॅस्टिकच्या पिशव्याच बंद झाल्या आणि कागदी पिशवीला दुकानात दहा सेंट पडू लागले. आपल्याकडच्या कापडी पिशव्या बॅगेत घालून आणणाऱ्या पाहुण्यांचे आता घरोघरी विशेष स्वागत होत असावे.

यांत सर्वांत महत्त्वाचा 2023 चा भाडेनियंत्रण कायदा. त्यानुसार भाडेवाढ महागाईच्या दरात तीन टक्के मिळवून येणाऱ्या आकड्याइतकी किंवा सहा टक्के, यांपैकी जे कमी असेल तेवढीच करता येते. परंतु 23 वर्षांहून नव्या इमारती त्यातून वगळल्या आहेत, आणि रॉकव्हिल व गेथर्सबर्ग या शहरांच्या हद्दीत तो लागू होत नाही. पत्त्यात ‘गेथर्सबर्ग’ असले म्हणून घर त्या शहराच्या हद्दीत असतेच असेही नाही, कारण टपालाची हद्द वेगळी आणि पालिकेची वेगळी. ही तफावत न कळल्यामुळे भाडेकरू आपला हक्क सोडून देतात किंवा नसलेल्या हक्कासाठी भांडत बसतात, आणि काउंटीच्या पत्रकांनी ती याहून ठळकपणे सांगायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्यापैकी अनेकजण व्हिसावर आहेत आणि काउंटीच्या निवडणुकीत त्यांना मत नाही. टाकोमा पार्कसारखी मोजकी शहरे नागरिक नसलेल्या रहिवाशांनाही आपल्या पालिकेच्या निवडणुकीत मतदान करू देतात, पण जर्मनटाऊनला पालिकाच नसल्याने तो मार्ग इथे बंद आहे. जनसुनावणीत बोलण्यासाठी मात्र नागरिकत्व लागत नाही. आधी नाव नोंदवावे लागते, बोलायला मोजकी मिनिटे मिळतात आणि इंग्रजी अडखळत असेल तर लेखी निवेदनही देता येते. काउंटीचे आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होते. एक्झिक्युटिव्ह मार्चच्या मध्याला अंदाजपत्रक मांडतो आणि कौन्सिल मे महिन्यात ते मंजूर करते, त्यामुळे बसच्या फेऱ्या, ग्रंथालयाच्या वेळा किंवा ज्येष्ठांच्या केंद्राविषयी काही म्हणायचे असल्यास ते एप्रिलमधल्या सुनावण्यांत म्हणावे. जूनमध्ये केलेल्या तक्रारीची नोंद होते, पण पैसे तोवर वाटले गेलेले असतात.