तुम्ही विचारलंत म्हणून: चांदीचं पुढे काय झालं

"अगं, तुझ्या त्या चांदीच्या औषधाचं पुढे काय झालं?" हे मावशी दर लग्नात विचारते. हल्ली लॅबमधली मुलं तेच जरा वेगळं विचारतात: ताई, जंतू वाढवायच्या प्लेटवर चांदीभोवती एवढा मोठा झोन, म्हणजे जंतू न वाढलेला रिकामा गोल, येतो, मग जखमेत का चालत नाही? मावशीला मी "चाललंय" म्हणून सुटते. तुमच्यापुढे तसं सुटता येत नाही.

उत्तर तसं छोटं आहे. आपण बनवलेला चांदीचा नॅनोकण शरीराला दिसतच नाही. रक्तात किंवा जखमेच्या स्रावात पडल्या पडल्या त्याच्यावर प्रथिनं बसतात, आणि पुढचा सगळा व्यवहार त्या थराशी होतो. डब्लिन आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी 2007 मध्ये त्याला 'प्रोटीन कोरोना' म्हटलं. (2020 नंतर हा शब्द घरात काढायची सोय राहिली नाही.)

"मग कोटिंग करता कशाला?" कारण कोटिंगशिवाय कण एकमेकांना चिकटून बसतात. सायट्रेटचं (सायट्रिक आम्लाच्या क्षाराचं) कोटिंग सैल असतं, प्रथिनं त्याला सहज बाजूला सारतात. पीव्हीपी या पॉलिमरच्या लांब साखळ्या जास्त घट्ट धरतात. पेग या दुसऱ्या पॉलिमरवर प्रथिनं कमी बसतात. बसतच नाहीत असं नाही. गंमत म्हणजे रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनावर ऋणभार, सायट्रेटच्या कणावरही ऋणभार, तरी ते चिकटतं. माणसाच्या अल्ब्युमिनमध्ये 585 अमिनो आम्लं असतात, त्यांतलं 34 वं सिस्टीन मोकळं असतं, आणि त्यात गंधक. चांदीला गंधकाची किती ओढ, ते दिवाळीआधी काळी पडलेली निरांजनं घासणाऱ्यांना विचारा.

हे सगळं मला पीएचडीच्या पहिल्याच वर्षी पाठ होतं. म्हणून तर लाज वाटते.

तिसऱ्या वर्षी सायट्रेटचे कण सलाइनमध्ये टाकले, पिवळं द्रावण राखाडी झालं, म्हणजे कण एकमेकांना चिकटले. तेच सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) घालून केलं तर पिवळं ते पिवळंच. प्रकाश शोषण्याचा पीक 400 नॅनोमीटरच्या जवळपास, किंचित सरकलेला. मी नाचायचीच बाकी होते. गाईडना लगेच लिहून कळवलं: प्रथिनांमुळे कण स्थिर राहतात. संध्याकाळी त्याच बाटलीतले कण जंतूंच्या ब्रॉथमध्ये, म्हणजे ते वाढवायच्या द्रवात, घातले. सकाळी इन्क्युबेटर उघडला, तर सगळ्या नळ्या गढूळ, म्हणजे जंतू मजेत वाढलेले. वाटलं, पिपेटिंग चुकलं. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा मैत्रिणीकडून करून घेतलं, माझा हात लागू नये म्हणून. गढूळच. ज्या थरानं कण वाचवले, त्यानंच त्यांना झाकलं होतं आणि सुटणारे चांदीचे आयनही अडकवून ठेवले होते. मारतात मुख्यतः ते आयन.

मी वहीचं ते पान उलटलं. थिसिसमध्ये जंतू मारण्याचे ग्राफ आले ते फक्त सीरमशिवायचे.

व्हायवात बाहेरच्या परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "हेच सीरममध्ये करून पाहिलंत?"

"वेळ मिळाला नाही, सर," मी म्हणाले.

गाईड शेजारीच होते. त्यांना माहीत होतं. ते टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत राहिले. दुपारी पेढे वाटले.

तेव्हाची मी अजून भांडते माझ्याशी. म्हणते, फेलोशिप संपायला दोन महिने होते. म्हणते, प्लेटवर सीरम घालतं कोण? दोन्ही खरं आहे. शिवाय मी वापरलं होतं ते वासराच्या गर्भाचं सीरम. सीरममध्ये फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) जवळपास नसतंच, ते गुठळीबरोबर निघून गेलेलं असतं. जखमेत ते येतं. म्हणजे लपवलेल्या पानातही जखमेचं उत्तर नव्हतं. हा बचाव एकदम पक्का आहे. फक्त तो मला सुचला पाच वर्षांनी.

आणि चांदी निरुपयोगी आहे असंही मी म्हणत नाही. भाजल्यावर लावायचं सिल्व्हर सल्फाडायझीनचं मलम 1968 पासून आहे. तिथे चांदी भरपूर असते, पुन्हा पुन्हा लावली जाते, प्रथिनांनी काही अडकवली तरी उरते. आपण मात्र चिमूटभर कणांकडून तीच अपेक्षा करतो, वर कोटिंगला सुंदर नाव देऊन.

परवा नव्या मुलीनं विचारलं, सायट्रेट घेऊ की पीव्हीपी? म्हटलं, दोन्ही घे, आणि आधी प्लाझ्मात, म्हणजे फायब्रिनोजेनसकटच्या रक्तद्रवात, टाक. तिनं माझी जुनी वही बघायला मागितली. शोधते म्हणाले. कपाटात दुसऱ्या कप्प्यात आहे ती.