आमची वाटचाल : मागच्या खोलीतला महिना

आमच्या दुकानात आलेला खाऱ्या पाण्याचा मासा आल्या दिवशी विकला जात नाही. आधी मागच्या खोलीतल्या क्यूटीत, म्हणजे नवा मासा वेगळा ठेवायच्या क्वारंटाइन टाकीत जातो, महिनाभर तिथं राहतो, मग पुढच्या टाकीत येतो. कुर्ल्यातून किंवा क्रॉफर्ड मार्केटातून माल उचलणाऱ्यांना याचा अर्थ ठाऊक आहे. पैसा अडकतो, विजेचं बिल चढतं आणि घाईतलं गिऱ्हाईक शेजारी जातं. गप्पी-गोल्डफिशपासून मरीनपर्यंतची वर्षं सगळ्यांची सारखीच असतात, ती सोडतो. लिहायचं आहे ते एका कन्साइनमेंटबद्दल.

तेव्हा आमच्याच भागातल्या दुसऱ्या एका दुकानानं आणि आम्ही मिळून एका आयातदाराकडून माल घेतला, अर्धा त्यांचा, अर्धा आमचा. टँग, एंजल, क्लाउन जातीचे मासे. बॉक्स उघडले तेव्हा कुणाच्या अंगावर एक ठिपका नव्हता. आमचा माल मागं गेला, त्यांचा संध्याकाळपर्यंत पिशव्यांतून घरोघरी पोचला. तीन-चार दिवसांत आमच्या पावडर ब्लू टँगनं खाणं सोडलं. वेव्हमेकरच्या, म्हणजे पाण्यात लाट करणाऱ्या पंपाच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचा, कल्ले भराभर उघडमिट करायचा, दिवा लावला की पाइपामागं शिरायचा. समोरून अंग स्वच्छ. टॉर्च बाजूनं आडवा धरला तेव्हा सोनेरी भुकटी दिसली.

गिरगावचे आमचे काका त्या संध्याकाळी दुकानात होते. पॅथॉलॉजी लॅबमधून निवृत्त झालेले, घरी प्रवाळांची रीफ टाकी, आमच्याकडून पहिला क्लाउन नेल्यापासून दुसऱ्या दारात न गेलेले. मेलेल्या एका एंजलचा कल्ला कापून त्यांनी स्वतःच्या मायक्रोस्कोपखाली ठेवला. म्हणाले, "हे इच नाही रे. इच असता तर केसाळ गोळा गरगर फिरताना दिसला असता. हे काळपट, चिकटून बसलेले, हलत नाहीत. व्हेल्वेट आहे. आजच तांबं चढव." इच आणि व्हेल्वेट, दोन्ही माशाला चिकटणाऱ्या परजीवींचे रोग. व्हेल्वेट कल्ले आधी धरतो, कातडीवर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. त्या रात्री क्यूटीच्या पाण्यात तांब्याचं औषध चढवलं. काही मासे वाचले, बरेच गेले. पण गेले ते क्यूटीत गेले, एकाही गिऱ्हाइकाच्या घरात नाही.

शेजारच्या मालातून मात्र आठवड्याभरात टाक्याच्या टाक्या बसल्या. आणि त्या दुकानातून लोकांना सांगितलं गेलं की रोग आमच्याकडून आला, "माल एकच होता ना." माल एक होता हे खरं, म्हणून खोटं जास्त चाललं. जुनी गिऱ्हाइकं दारावरून निघून जायला लागली. भाडं थकलं, बायकोचे दागिने गहाण पडले, टाक्यांचं मीठ उधारीवर आणलं. काका रोज येऊन बसायचे. ज्याला शंका असेल त्याला क्यूटीची वही दाखवायचे, कल्ल्यातला परजीवी दाखवायचे. त्यांना आम्ही एक रुपया दिला नाही आणि त्यांनी कधी घेतला नसता. लोक परत आले ते त्या माणसामुळे.

मागची खोली आजही तशीच आहे. टाक्यांत वाळू नाही, लाइव्ह रॉक (जिवाणूंनी भरलेला समुद्री दगड) नाही, नुसते पीव्हीसीचे तुकडे, कारण दगड तांबं पिऊन टाकतो. आयनिक (पाण्यात सुटं विरघळलेलं) तांबं लिटरमागं 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम, चेकर नावाच्या मीटरनं सकाळ-संध्याकाळ मोजलेलं. तांबं अंगावरचा परजीवी मारत नाही, पाण्यात पोहणारी त्याची पिल्लं मारतं, म्हणून पातळी एक दिवसही उतरू द्यायची नाही. प्रत्येक टाकीची जाळी वेगळी. खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर दर आठवड्याला कॅलिब्रेट होतो. आणि काळं घमेलं, जे कुणाकडेही मी पाहिलं नाही. टाकीच्याच तापमानाचं आणि पीएचचं गोडं पाणी, एअरस्टोन, मासा पाच मिनिटं आत. फ्लूक (अंगाला चिकटणारे चपटे कृमी) असतील तर पांढरे होऊन तळाशी पडतात, काळ्यावर लगेच दिसतात.

विकत घेणाऱ्यांनो, मासा खाताना बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. एकच कल्ला चालतोय का, पोट आत गेलंय का, अंग घासतोय का, बघा. क्लाउनच्या अंगावरून शेंबूड सुटल्यासारखा थर निघत असेल तर ब्रुकलिनेला हा परजीवी, त्याला तांब्याचा उपयोग नाही, फॉर्मेलिन लागतं. क्रोमिस माशाच्या कुशीवर लाल चट्टा म्हणजे युरोनेमा हा परजीवी समजा, तो मासा घेऊच नका. फ्लॉवरसारखी गाठ असेल तर लिम्फोसिस्टिस, विषाणूचा आहे, औषध नाही, पण चांगलं खायला मिळालं की बहुतेकदा आपोआप जातो, त्यासाठी मासा टाकून देऊ नका. इचचे पांढरे दाणे तीन ते सात दिवसांत गळतात, तेव्हा बरा झाला म्हणून नाचू नका, परजीवी तळाशी कोष करून बसलेला असतो. लांबून आलेली पिशवी उघडून तासभर ड्रिपही (टाकीचं पाणी तिच्यात थेंबथेंब सोडणं) लावू नका. बंद पिशवीत पीएच उतरलेला असतो म्हणून अमोनिया फारसा बाधत नाही, हवा लागून पीएच चढला की तोच कल्ले जाळतो. पिशवीच्याच खारटपणाचं पाणी आधी तयार ठेवा आणि मासा लगेच सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत एक थेंबही नको.

शेजारच्या त्या दुकानावर आता 'क्वारंटाइन केलेले मासे' अशी पाटी आहे. मागं खोली नाही, मी आत जाऊन बघितलंय. आमचा दर त्यांच्यापेक्षा जास्त आहे आणि जास्तच राहील. कुणी विचारलं तर वही काढून दाखवतो, कुठला मासा कुठल्या तारखेला आला, कधी खायला लागला, तांबं किती होतं.