शांत पण हवी आणि अंडी पण हवीत

जुन्या जातींच्या कोंबड्या वाढवून विकायचं काम करतो मी, त्यामुळे "शांत पण हवी आणि अंडी पण भरपूर हवीत" हे ऐकून ऐकून कान किटलेत. पण परवा आलेल्या ताईंची केस वेगळी होती. त्यांची विशेष मुलांची शाळा, आणि अंडी गोळा करायचं काम त्या मुलांकडेच देणार होत्या. म्हणजे कोंबडी अंगावर फडफडली की मूल घाबरणार, आणि एकदा घाबरलं की परत खुराड्याकडे फिरकणार नाही.

ताई वाचून आल्या होत्या, त्यांना ऑस्ट्रालॉर्प जातीचीच कोंबडी हवी होती, रेकॉर्डवाली. रेकॉर्ड खरंय, 1922-23 मध्ये सहा कोंबड्यांनी 365 दिवसांत मिळून 1857 अंडी दिलेली. पण ती अंड्यांसाठी निवडत निवडत आणलेली लाइन, म्हणजे वंश, होता, आज त्याच नावाने नुसत्या शोसाठी वाढवलेल्या गुबगुबीत लाइनीपण मिळतात आणि अंड्यांच्या बाबतीत त्या बऱ्याच मागे असतात. म्हटलं ताई, जात नंतर ठरवू, आधी आत चला.

लेगहॉर्नचं दार उघडलं तर सगळ्या थव्याने वर, धूळ आणि पिसं नुसती. अंड्यांना तोड नाही पण मुलांसाठी अजिबात नाही. ऱ्होड आयलंड रेडच्या कोंबड्या धीट, पायाशी आल्या, पण त्यांचा कोंबडा एक पंख खाली टाकून, अंगावर यायच्या बेतात, ताईंभोवती फिरायला लागला तेव्हा मी त्यांना बाहेरच काढलं. (खायच्या अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही, हे लोकांना दर वेळी नव्याने सांगावं लागतं.)

मग बफ ऑर्पिंग्टन. ताई प्रेमातच पडल्या, एक तर उचलून मांडीवर घेतली, ती डोळे मिटून गप्प. मी म्हटलं जरा द्या इकडे. पोटाखाली हात घालून मागची दोन हाडं चाचपली, मध्ये जेमतेम एक बोट जात होतं, व्हेंट, म्हणजे अंडं बाहेर येतं ते तोंड, लहान, कोरडं, आवळलेलं. ही सध्या अंडी देतच नव्हती. शेजारी पेटीतली दुसरी अंग फुगवून गुरगुरत होती, खुडूक, म्हणजे उबवायला बसलेली, त्यामुळे तिचीपण अंडी कित्येक आठवडे बंद. ताईंचा चेहराच उतरला.

शेवटी पट्टेवाल्या प्लायमाउथ रॉककडे गेलो. एक जरा अवतारातलीच कोंबडी, पिसं विस्कटलेली, माझ्या बुटाची लेस ओढत होती. उचलली तर निमूट बसली. हाडांमध्ये तीन बोटं आरामात, व्हेंट मोठं आणि ओलसर, आणि चोच, जी तलंगेची, म्हणजे अजून अंडी सुरू न झालेल्या तरुण कोंबडीची, छान पिवळी असते, ती पार फिकी पडलेली, पायांचा रंगपण उतरलेला. अंडी सुरू झाली की खाद्यातला पिवळा रंग बलकात जातो, मग आधी व्हेंट, डोळ्याची कड, कानाची पाळी, चोच आणि सगळ्यात शेवटी पाय फिके होतात. म्हणजे ही बाई कित्येक महिने मुकाट काम करत होती! ऑस्ट्रालॉर्पचे पाय काळपट, तिथे हे वाचता येत नाही, बोटांवरच भिस्त.

तेवढ्यात ताईंच्या हातून बादली पडली, जोरात. रॉक चार पावलं पळाल्या आणि परत येऊन बादलीतच डोकावायला लागल्या. पलीकडच्या ऑस्ट्रालॉर्पांनी मान वर करून बघितलं फक्त. तिथेच ठरलं, दोन्हीतल्या आमच्या अंड्यांच्या लाइनीतल्या तलंगा, कोंबडा नाही.

निघताना सांगितलं की जागा बदलली की पहिले काही दिवस अंडी मिळतीलच असं नाही, आणि दिवस लहान झाले की कमी होतात, वर्षभर हवी तर सोळा तास उजेड लागतो, मुलांना आधीच सांगून ठेवा. बरं म्हणाल्या, आणि ती मांडीवर बसलेली ऑर्पिंग्टनपण घेऊन गेल्या.