पाच लाखांचं कार्ड आणि आईची शुगरची गोळी

उपनगरातल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे दावे बघणाऱ्या काउंटरवर, मी बरीच वर्षं काम करते. कॅशलेसची फाइल पाठवायची, कंपनीच्या क्वेरीला उत्तर द्यायचं, मंजुरी आली की नातेवाइकांना हाक मारायची. त्यामुळे ‘सरकारने आरोग्यात पडू नये, लोकांना विमा द्यावा आणि बाजूला व्हावं’ असं कोणी म्हणालं की माझ्याने गप्प बसवत नाही. माझा मावसभाऊ हे नेहमी म्हणतो. “ताई, ज्यांना रस्ता नीट बांधता येत नाही ते हॉस्पिटल काय चालवणार? पैसे कार्डावर टाका, माणूस हवं तिथे जाईल.”

हवं तिथे जाईल, इथेच तर अडतं. आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, २०१७ मध्ये नाव बदललं. आयुष्मान भारत २०१८ ची. दोन्ही मिळून कुटुंबाला आता वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. या योजनांना मी नावं ठेवणार नाही. अँजिओप्लास्टीसाठी मंगळसूत्र मोडावं लागलं नाही अशी घरं मला माहीत आहेत. पण दर सरकार ठरवतं आणि योजनेत यायचं की नाही हे हॉस्पिटल ठरवतं. मुंबईतली बरीच मोठी खाजगी हॉस्पिटलं त्यात नाहीत, त्या दरात परवडत नाही म्हणतात. कार्ड पुढे करणाऱ्या माणसाला ‘इथे चालत नाही’ हे मला सांगावं लागतं. मग कुठे चालतं, असं तो विचारतो. उत्तर बहुतेक वेळा केईएम, सायन, नायर नाहीतर जे. जे. हेच असतं. म्हणजे फिरून सरकारच्याच दारात.

स्वतःची पॉलिसी असलेले तरी कुठे सुटतात? समजा पॉलिसीत खोलीची मर्यादा दिवसाला ५ हजार आहे आणि पेशंट १० हजारांच्या खोलीत गेला. कित्येक पॉलिसींत मग खोलीचे वरचे ५ हजार कापून थांबत नाहीत. डॉक्टरांची व्हिजिट, ऑपरेशन थिएटर, सर्जनची फी, सगळंच निम्म्यावर येतं, कारण हे दरही खोलीच्या वर्गाप्रमाणे चढतात. वर ग्लोव्ह्ज, मास्क, रजिस्ट्रेशन वेगळं. डिस्चार्जच्या दिवशी हा हिशेब मी समजावत असते. समोरच्या बाईच्या एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात पेशंटच्या कपड्यांची पिशवी, आणि ती विचारते, “पण ॲडमिट करताना कोणी का नाही सांगितलं हो?” सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, चांगलं झालं. पण खोलीचं भाडं किती लावायचं याला त्याने लगाम बसत नाही. हॉस्पिटलांची नोंदणी आणि नियमन करणारा २०१० चा केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेलाच नाही. २०२१ मध्ये नर्सिंग होमचे नियम सुधारले. रुग्णहक्कांची सनद लावा, दरपत्रक लावा, इथपर्यंत ते येतात. दर किती असावा, याला हात लावत नाहीत.

आणि सरकारला हे जमतच नाही म्हणणाऱ्यांनी २०२० आठवावं. मे महिन्यात राज्य सरकारने आदेश काढला, खाजगी हॉस्पिटलांतल्या ८० टक्के खाटा सरकारी दराने. साधा वॉर्ड दिवसाला ४,००० रुपये, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. तो कागद आमच्या काउंटरच्या काचेवर चिकटवलेला होता आणि लोक त्यावर बोट ठेवून भांडायचे. पीपीई किटच्या नावाने पळवाटा निघाल्या, त्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. तरीसुद्धा कोणीतरी बिल तपासणार आहे म्हटल्यावर बिलिंगमधली भाषा बदलली. इच्छा असली की सरकारचा हात पोचतो. साथ ओसरली, आदेश गेला, कागदही निघाला.

मावसभावाची एक गोष्ट मात्र मी खोडून काढत नाही. पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात खाली गादी टाकून झोपलेला पेशंट, एमआरआयची लांबची तारीख, औषधाची बाहेरची चिठ्ठी, संडासाची अवस्था, हे सगळं खरं आहे. पण पालघरपासून सोलापूरपर्यंतचा माणूस तिथे येतो, कारण त्याच्या गावाजवळ त्याच्यासाठी काही उभंच केलेलं नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं, २०२५ पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ. २०२५ उलटलं, आपण तिथे पोचलो नाही. पैसा द्यायचा नाही, पदं भरायची नाहीत आणि मग चालत नाही म्हणून हॉस्पिटल खाजगी भागीदाराला द्यायचं, याला मी सुधारणा म्हणणार नाही. गोवंडी-मानखुर्दचे लोक याच मुद्द्यावर रस्त्यावर उतरले, आणि मला त्यांचं पटतं.

बाबा गिरणीत होते. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड होतं, पण त्या कार्डामागे परळचं महात्मा गांधी हॉस्पिटल उभं होतं, डॉक्टर होते, औषधाची खिडकी होती. गिरणी बंद पडली तसं ते सगळं आमच्या घरातून गेलं. आईला आता शुगर आणि बीपी दोन्ही आहे. ५ लाखांच्या कार्डावर तिला मेटफॉर्मिनची एक गोळी मिळत नाही, कारण ओपीडी त्यात नाही. ॲडमिट व्हा, मग बघू. तिची गोळी येते चाळीजवळच्या ‘आपला दवाखाना’तून. नोव्हेंबर २०२२ मध्ये पालिकेने हे दवाखाने सुरू केले. रात्री दहापर्यंत उघडे, तपासणी आणि औषध फुकट. आई स्वतः चालत जाते. डॉक्टर बीपी बघतात, मिठावरून रागावतात, गोळ्यांची पट्टी देतात. इतकं वेळेवर होत राहिलं तर माझ्या डेस्कवर येणारे किडनीचे आणि पायाच्या जखमांचे कितीतरी पेशंट आलेच नसते.

आमच्या चाळीतून वॉर्ड ऑफिसला एक अर्ज जातोय. दवाखान्यातले डॉक्टर आणि नर्स कंत्राटावर नकोत, कायम हवेत. शुगर-बीपीच्या कुठल्या गोळ्या किती शिल्लक आहेत हे दारावरच्या फळ्यावर रोज लिहावं. लालबाग-काळाचौकीकडच्या कोणाला सही करायची असेल तर खाली कमेंटमध्ये सांगा, रविवारी सकाळी मी कागद घेऊन येते.