शनिवारचे पाच किलोमीटर: दोरी, टोकन आणि पिवळी जाकिटं

२००४ साली धावण्याचे दोन उपक्रम सुरू झाले. फेब्रुवारीत मुंबई मॅरेथॉन, आणि २ ऑक्टोबरला लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ धावणारे आणि ५ स्वयंसेवक यांची शनिवारची पळापळ. मॅरेथॉनबद्दल मुंबईकरांना नव्याने काय सांगणार? पेडर रोडच्या चढावर संत्र्याच्या फोडी, चिक्की, मीठ-लिंबू आणि पेन स्प्रे घेऊन पहाटेपासून उभी असलेली माणसं तुम्ही पाहिलीच असतील, कदाचित त्यांत तुम्हीही असाल. बुशी पार्कच्या उपक्रमाला आज पार्करन म्हणतात. पाच किलोमीटर, दर शनिवारी, फुकट. तो सुरू करणारे पॉल सिंटन-ह्युइट दुखापतीमुळे तेव्हा धावूच शकत नव्हते. मित्रांची सोबत सुटू नये म्हणून त्यांनी त्यांची वेळ मोजायला घेतली. म्हणजे या सगळ्याची सुरुवातच मुळी एका न धावणाऱ्या माणसापासून झाली, आणि आजही आठवड्यामागून आठवडे हा उपक्रम चालतो तो पिवळं जाकीट घालून उभ्या राहणाऱ्या स्वयंसेवकांच्या जिवावर.

शिवाजी पार्क, मरीन ड्राइव्ह, वरळी सी फेस, बोरिवलीचं नॅशनल पार्क, ठाण्याचं उपवन: पहाटे धावणारे गट सगळीकडे आहेत. बँकेतले काका, सकाळचा डबा करून आलेल्या काकू, साठी ओलांडलेले आजोबा. यांतल्या बहुतेकांची वेळ कधी कुणी मोजलेली नसते. वर्षातून एकदा छातीवर वेळ मोजणारी चिप लागते, तेवढंच. दर आठवड्याला मोजणी करायला चिप, मॅट, बॅनर, माइक यांतलं काही लागत नाही. इथे पार्करनमध्ये दर शनिवारी कामं वाटून घेताना जे पाहतो त्यावरून सांगतो: पन्नास-साठ जणांसाठी आठ माणसं पुरतात, पण प्रत्येकाचं काम ठरलेलं हवं.

आधी अंतर. शिवाजी पार्कच्या कट्ट्याची फेरी साधारण १.१७ किलोमीटर धरतात. चार फेऱ्यांचे ४.६८ झाले, उरले ३२० मीटर. म्हणून शेवटची रेषा आधी पक्की करायची आणि सुरुवात तिच्या ३२० मीटर मागे घ्यायची. म्हणजे तेवढं अंतर सुरुवातीलाच संपतं आणि पुढच्या चारही फेऱ्या रेषेपाशीच पुऱ्या होतात. मात्र घड्याळातल्या जीपीएसवर विसंबून रेषा आखू नका. झाडं आणि इमारतींमुळे तो भरकटतो, आणि दहा जणांची घड्याळं दहा आकडे दाखवतात. रस्त्याचे कंत्राटदार वापरतात ते हँडलचं मोजणीचं चाक आणा, आणि ते कट्ट्याला जितकं चिकटून धावता येईल तितकं आतून फिरवा. गोल मार्गावर एक मीटर बाहेरून धावलं की प्रत्येक फेरीत सुमारे सव्वासहा मीटर वाढतात. तीन मीटर बाहेरून चार फेऱ्या मारणारा पंच्याहत्तर मीटर जास्त धावतो आणि मग ‘मार्ग मोठा आहे’ म्हणून भांडतो. त्याचं घड्याळ खोटं नाही, तो बाहेरून धावला इतकंच.

फेऱ्यांचा खरा त्रास मोजण्याचा आहे. तिसऱ्या फेरीनंतर ‘ही तिसरी की चौथी?’ हा गोंधळ होतोच, दमलेल्या माणसाला तीनपुढे मोजता येत नाही. सोपा उपाय रबर बँड. सुरुवातीला प्रत्येकाच्या मनगटात तीन, आणि पहिल्या तीन फेऱ्यांच्या शेवटी एकेक बादलीत टाकायचा. मनगट रिकामं झालं की शेवटची फेरी. बादलीपाशी एक माणूस हवा, आणि तिथेच फाटा पाडायचा: फेरी बाकी असलेले डावीकडून पुढे, संपलेले उजवीकडे दोरीत. हा फाटा नसला तर पुढे जाणारे आणि थांबणारे एकमेकांवर आदळतात. मरीन ड्राइव्हवर हा प्रश्नच येत नाही. अडीच किलोमीटर जायचं, एका माणसाला वळसा घालायचा, परत यायचं. पण शनिवारी सकाळी तिथे फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, त्यामुळे समोरासमोर येणारे दोन प्रवाह डावीकडे ठेवायला मध्ये आणखी दोन माणसं लागतात. त्यांच्या हातात शिट्टी नको, तोंडात ‘काका, जरा डावीकडून’ असावं. रस्ता फिरणाऱ्यांचाही आहे.

आता मोजणी. नाव आणि वेळ कधीही एकाच माणसाने लिहायची नाही. एक जण फक्त बटण दाबतो: माणूस रेषेवरून गेला, दाबलं. कोण गेलं हे त्याने बघायचंसुद्धा नाही. शेजारी दुसरा जण दुसऱ्या घड्याळावर तेच करतो, कारण फोनची बॅटरी नेमकी अशाच वेळी संपते. रेषेच्या पुढे दहा-पंधरा मीटर दोरीची अरुंद गल्ली असते. तीत शिरल्यावर कुणी कुणाला मागे टाकायचं नाही, आलो त्या क्रमाने चालायचं. गल्लीच्या टोकाला टोकन मिळतं: १, २, ३ असा क्रमांक. पूर्वी बँकेत पैसे काढताना पितळी टोकन हातात पडायचं, तेवढाच त्याचा अर्थ. बुशी पार्कमध्ये सुरुवातीला हार्डवेअरच्या दुकानातले लोखंडी वॉशर घेऊन त्यांवर आकडे ठोकले होते. टोकन घेऊन धावणारा पुढच्या टेबलाशी जातो. पार्करनमध्ये तिथे आधी त्याचा स्वतःचा बारकोड आणि मग टोकनचा बारकोड स्कॅन होतो. तुमच्या गटात वही चालेल: टोकन क्रमांक, समोर नाव. घरी बसून दोन याद्या शेजारी ठेवल्या की सदतिसाव्या टोकनला सदतिसावी वेळ मिळते. बस.

हे इतकं सोपं आहे की बिघडतंही सहज. बटण चुकून दोनदा दाबलं तर त्यानंतरच्या प्रत्येकाला पुढच्या माणसाची वेळ मिळते, सगळे अचानक वेगवान. बटण दाबायचं राहिलं तर उलटं, प्रत्येकाला मागच्याची वेळ, आणि तक्रारी सुरू. शेवटी टोकन बावन्न आणि वेळा त्रेपन्न असं दिसलं की घोळ झाल्याचं कळतं, पण कुठे ते कळत नाही. म्हणून टोकन वाटणाऱ्याने दर पंचविसाव्या टोकनला मोठ्याने ‘पंचवीस!’, ‘पन्नास!’ असं ओरडायचं आणि वेळ मोजणाऱ्याने आपल्या पडद्यावरचा आकडा जुळवून पाहायचा. मग चूक त्या पंचवीस जणांतच शोधावी लागते. फिरायला आलेले एखादे आजोबा रेषेवरून गेले आणि बटण दाबलं गेलं, तर पुसायच्या भानगडीत पडू नये. एक टोकन काढून खिशात टाकायचं आणि वहीत त्या क्रमांकासमोर ‘रिकामं’ लिहायचं. गल्लीतून दोरीखालून वाकून सटकणारा एक तरी वीर असतोच. त्याला अडवायला गल्लीच्या मध्यावर एक खंबीर ताई उभी करा. आमच्या अनुभवात या कामाला शाळेतल्या शिक्षिकांइतकं योग्य कुणी नाही.

मुंबईत बारकोडपेक्षा प्लास्टिकची टोकनं आणि पेन्सिल बरी. पावसात ओल्या पडद्यावर बोट चालत नाही, शाई पसरते, कागदी बारकोडचा लगदा होतो. पेन्सिलचं तसं काही होत नाही.

पार्करनची सगळ्यात चांगली युक्ती मात्र मोजणीत नाही, शेवटच्या माणसात आहे. सगळ्यांच्या मागून एक स्वयंसेवक चालत येतो आणि रेषा तोच शेवटी ओलांडतो. त्यामुळे भाग घेणारं कुणीही कधीच शेवटचं नसतं. पन्नास मिनिटं घेणाऱ्या काकूंना ‘माझ्यामुळे सगळे खोळंबले’ असं वाटत नाही, कारण त्यांच्या मागे गप्पा मारत येणाऱ्याचं तेच काम आहे. वळणांवरच्या माणसांनाही घरी कधी जायचं हे त्याच्यावरून कळतं: तो पुढे गेला की जागा सोडायची, त्याआधी नाही. वीस मिनिटांत पाच किलोमीटर संपवणारे वाहवा मिळवतात, मिळवू देत. पण गट टिकतो तो मागच्या तीस जणांवर, आणि ते परत येतात की नाही हे या एका माणसाच्या स्वभावावर ठरतं. इथे हे काम उत्साही, बडबड्या माणसालाच देतात. ‘चला चला, अजून थोडंच’ असं दर मिनिटाला म्हणणाऱ्याला मात्र देऊ नका.

वेळ निवडताना मुंबईचं ऊन आणि दमटपणा डोक्यात हवा. इंग्लंडमध्ये सकाळी नऊला सुरुवात होते. मे महिन्यात दादरला नऊ वाजता हे करायचं म्हणजे माणसं आडवी करायची. उन्हाळ्यात सव्वासहा, जानेवारीत सूर्योदय सातनंतर असतो म्हणून पावणेसात-सात. सगळ्यात धीम्या माणसाला साठ मिनिटं धरा आणि तो संपवेल तेव्हा ऊन कुठवर आलेलं असेल त्यावरून उलटा हिशेब करा. दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. नेहमीचा वेग ऑक्टोबरमध्ये जमत नाही त्याचं कारण हेच आहे, आळस नाही.

पाच किलोमीटरला मध्ये पाणी लागत नाही, शेवटी पुरे. रविवारच्या लाँग रनला मात्र दर दोन-अडीच किलोमीटरवर टेबल हवं. हिशेब असा: चाळीस जण, चार थांबे, प्रत्येकी दीडशे मिली, म्हणजे चोवीस लिटर. वीस लिटरचे दोन जार आणले की उरतं. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच विरघळवायचं. ‘जरा स्ट्राँग’ म्हणून अर्ध्या लिटरमध्ये केलं की पोट बिघडतं. नुसतं पाणी ढोसत राहणंही वाईट, रक्तातलं सोडियम खाली जातं. कागदी पेल्यांऐवजी स्टीलचे ग्लास किंवा प्रत्येकाची बाटली. पेले वापरलेच तर कचऱ्याचा डबा टेबलापाशी नव्हे, पन्नास मीटर पुढे, कारण माणूस पीत पीत तिथवर पोचतो. उभं राहणाऱ्याने हात लांब करून ‘पाणी’ किंवा ‘ओआरएस’ एवढंच ओरडावं.

कुणी लटपटत चालायला लागलं, असंबद्ध बोलायला लागलं, तर घाम येतोय की नाही हे तपासत बसू नका. सावलीत आडवं करा, मान, काखा आणि जांघा बर्फाच्या पाण्याने भिजवा आणि १०८ला फोन लावा. रुग्णवाहिका येईपर्यंत थंड करणं थांबवायचं नाही. त्यासाठी बर्फाची एक पिशवी आणि चार जुने टॉवेल दर रविवारी टेबलाखाली असायलाच हवेत. बहुतेक वेळा तो बर्फ शेवटी सरबतात जातो.

जागेचं थोडक्यात. शिवाजी पार्क २०१० साली शांतता क्षेत्र ठरवलं गेलं, म्हणून स्पीकर विसरा, तोंडी सूचना पुरतात. महापालिकेच्या जी-उत्तर वॉर्डात आणि पोलीस ठाण्यात आधी जाऊन या. धावणं वेगळं आणि मांडव-टेबल-फलक वेगळे, प्रश्न दुसऱ्याचाच येतो. दसऱ्याचा आठवडा आणि ६ डिसेंबरच्या आसपासचे दिवस सरळ सोडून द्या, तेव्हा मैदान आणि आजूबाजूचे रस्ते लाखो लोकांचे असतात. मरीन ड्राइव्हला पावसाळ्यात भरतीचं वेळापत्रक बघा: साडेचार मीटरच्या वर भरती असेल तर त्या वेळी कठड्याजवळ कुणी नको. पेव्हर ब्लॉकवरचं शेवाळ जुलैत हाडं मोडतं, म्हणून आदल्या दिवशी कुणीतरी मार्ग चालून यावं. रद्द करायचं का हे एकाच माणसाने ठरवावं आणि पहाटे पाचच्या आत ग्रुपवर टाकावं. पहाटेची लोकल पकडणारे कल्याण-विरारहून तेव्हाच निघतात.

माणसं कशी मिळवायची? ‘शनिवारी कोण येतंय मदतीला?’ असं विचारलं की ग्रुपवर चाळीस निळ्या खुणा दिसतात, उत्तर एक नाही. त्याऐवजी रविवारी रात्री रिकाम्या जागांची यादी टाका: वेळ मोजणारे दोन, टोकन एक, दोरी एक, वही एक, बादली एक, कोपरा एक, मागून चालणारा एक. ठरावीक जागा दिसली की लोक स्वतःचं नाव टाकतात. प्रत्येकाने वर्षातून तीनदा जाकीट घालावं, एवढा साधा हिशेब इथे वर्षानुवर्षं सांगितला जातो. गुडघा दुखतोय, नुकतं बाळंतपण झालंय, परवा फुल मॅरेथॉन आहे, अशी माणसं आधी विचारायची, ती तशीही धावणार नसतात आणि घरी बसून कंटाळलेली असतात. इथे २५, ५०, १०० वेळा धावल्याचे टी-शर्ट असतात, तसेच तितक्या वेळा मदत केल्याचेही. वेगाचा टी-शर्ट नाही. निकाल दुपारी बाराच्या आत लावा, आणि त्यात स्वयंसेवकांची नावं वेळांच्या वर टाका, खाली नव्हे.

आणि टोकनं परत गोळा करून क्रमाने लावायला एक माणूस शेवटपर्यंत थांबवा. कुणीतरी २३ नंबर खिशात घालून घरी नेतोच. त्याची जादा जोडी आधीच बनवून ठेवा.